मिनिटाला चार

आमच्या व्हरांड्यात चपलांच्या स्टँडच्या बरोबर वर विजेचं मीटर आहे. नागपुरातल्या मानेवाड्यातलं हे घर बांधून बारा वर्षं झाली. बारा वर्षं रोज दोनदा-तीनदा मी त्या मीटरखाली चपला काढल्या आणि घातल्या. त्यावर साबुदाण्याएवढा एक लाल दिवा आहे. तो लुकलुकतो एवढं ठाऊक होतं. का लुकलुकतो, हे कधी मनात आलं नाही.

२०२४ च्या एप्रिलचं बिल आलं ४१२ युनिटचं, साडेपाच हजारांच्या घरात. ह्यांनी मोबाइलवर उघडून आकडा मोठ्यानं वाचला आणि नेहमीसारखा घरात चौकशी आयोग बसला. आयोगाचे निष्कर्ष दरवर्षी ठरलेले असतात. देवघरातला दिवा दिवसभर जळतो. स्वयंपाकघरातली ट्यूब भर दुपारी चालू असते. मागच्या अंगणातला बल्ब कोणी बंद करत नाही. आता या तिन्ही ठिकाणी वावरणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. त्या काटोलकडच्या, वय पंच्याहत्तर. भांडत नाहीत. "बरं बाप्पा, नाही लावत," म्हणतात आणि पुढचे आठ दिवस संध्याकाळी अंधारात मेथी निवडतात. मेथीत गवत येतं ते वेगळंच.

वरच्या मजल्यावर मुलाच्या खोलीत दीड टनाचा एसी आहे. त्याचं नाव आयोगासमोर निघालं नाही. मुलगा बारावीत जाणार होता, आणि बारावी हा महाराष्ट्रात वेगळाच स्लॅब आहे.

त्याच आठवड्यात कूलरचा पंप बसवायला वायरमन आला. काम झाल्यावर चपला घालताना माझं बिलपुराण त्यानं ऐकून घेतलं आणि मीटरकडे बोट केलं. "मॅडम, तो दिवा मोजा न. बत्तीसशे वेळा लुकलुकला का एक युनिट. वरतच लिहून आहे."

खरंच लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. (प्रत्येक मीटरवर हा आकडा सारखाच असेल असं नाही, आपला आपण वाचून घ्यावा.) बत्तीसशे लुकलुकींना एक युनिट. म्हणजे हजार वॅटची वस्तू तासभर चालली तर दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकणार, मिनिटाला त्रेपन्न. शंभर वॅटला मिनिटाला पाच. मला आकडेमोडीची आवड आहे, ऑफिसातही दुसऱ्यांचे टॅली मी लावून देते. रात्री साडेनऊला सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. मुलाला घरातल्या बटणांवर ठेवलं, ह्यांच्या हातात घड्याळ दिलं आणि मी मीटरसमोर उभी राहिले. सासूबाई खुर्ची घेऊन बसल्या. त्यांना वाटलं, काहीतरी नवस आहे.

घरातलं सगळं बंद केलं. फ्रिजसुद्धा. मग मागच्या अंगणातला तो बदनाम बल्ब एकटाच लावला, नऊ वॅटचा एलईडी. हिशेबानं दोन मिनिटांत एक लुकलुक यायला हवी होती, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण दिवा आपला नियमितपणे लुकलुकत होता. ह्यांनी मोजलं, मिनिटाला चार. बल्ब बंद केला. तरी चार.

घर पूर्ण अंधारात, पंखे थांबलेले, अंगाला घाम, आणि मीटर कोणाच्या तरी नावानं सावकाश जप करतंय. मिनिटाला चार म्हणजे पंच्याहत्तर वॅट. हा जुना छताचा पंखा झाला. म्हणजे आमच्या घरात एक अदृश्य पंखा फिरत होता आणि त्याच्याखाली कोणी बसलेलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास आम्ही टॉर्च घेऊन शोधलं. वायफायचा डबा काढला, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स काढला, मायक्रोवेव्हची पिन काढली. पुन्हा मोजलं. अजून चारच. शेवटी मुलगा जिन्याखालून ओरडला, "बाबा, इन्व्हर्टर!"

इन्व्हर्टर घेतला तेव्हा नागपुरात रोज लाइन जात होती. भारनियमनाचे ते दिवस ज्यांनी काढले त्यांना इन्व्हर्टरची माया समजेल, दागिन्यांपेक्षा थोडी कमी. आता आमच्या भागात वादळ सोडलं तर लाइन फारशी जात नाही. बॅटरी मात्र सहा वर्षांची झालेली. चांगली बॅटरी भरली की चार्जर जवळजवळ गप्प बसतो. म्हाताऱ्या बॅटरीचं तसं नसतं. आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर चढतो, एखादा सेल बसतो, आणि ती कधी भरतच नाही. चार्जर बिचारा रात्रंदिवस भरत राहतो. ती वीज बॅटरीत साठत नाही, उष्णता होऊन जाते आणि आतलं पाणी उडवते. आणि हे दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणत होते! वर्षभर आणत होते. बॅटरी आपली तक्रार पाण्यावाटे सांगत होती आणि आम्ही ती आदरानं भरून देत होतो.

पिन काढली. लाल दिवा थांबला. मी मिनिटभर त्याच्याकडे पाहत राहिले, न लुकलुकणारं मीटर मी पहिल्यांदाच पाहत होते. मग अंगणातला बल्ब पुन्हा लावला. सगळे उभे. एक मिनिट गेलं. काही नाही. डास चावायला लागले. दुसरं मिनिट संपता संपता दिवा एकदा लुकलुकला.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"एवढ्यासाठी मले बोलत होते का?"

ह्यांनी घड्याळात पाहिलं.

तो बल्ब रोज पाच तास विसरला तरी एक युनिट व्हायला बावीस दिवस लागतात. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दिवसाला १.८ युनिट खात होती, महिन्याला ५४. आमच्यासारख्या घरांत काटकसर नेहमी डोळ्यांच्या मागे जाते. उजेड दिसतो, म्हणून उजेडावर ओरडा. उष्णता दिसत नाही, जिन्याखालची गरम बॅटरी दिसत नाही, म्हणून ती मोकाट. आणि ओरडा खाणारं माणूसही घरात ठरलेलं असतं, जे उलटून बोलत नाही ते.

त्या ५४ युनिटांची किंमत वेगळी सांगायला हवी, कारण यात बहुतेकांची गफलत होते. माझीही होती. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली शंभर युनिटं एका दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि पाचशेच्या वर चौथ्या. तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग दरानं लागतं, असं आमच्या ऑफिसात अर्धे लोक शपथेवर सांगतात. तसं नाही. पहिली शंभर स्वस्तच राहतात, जी वरची तीच महाग. पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. तुम्ही जेव्हा वाचवता, तेव्हा ते युनिट खालून नाही, वरून कापलं जातं. माझ्या त्या बिलावर पहिल्या शंभरातलं युनिट वहन आकार आणि सोळा टक्के वीज शुल्क धरून सात रुपयांच्या आत पडत होतं, आणि सगळ्यात वरचं अठरा रुपयांच्या आसपास. म्हणजे ती बॅटरी आमच्याकडून महिन्याला हजाराच्या जवळपास घेत होती. तेवढ्यात काटोलची दोन पेट्या संत्री आली असती, बहार चांगला असेल तर तीन.

आमच्या गच्चीवरून कोराडीचं कोळशावरचं वीज केंद्र काही दिसत नाही, आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण उत्तरेकडे बहिणीकडे गेलं की आकाश स्वच्छ असताना चिमण्या दिसतात. कोळशाच्या विजेला एका युनिटमागे साधारण सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. ५४ युनिट म्हणजे पस्तीसएक किलो, एक पोतं. जगदंबेच्या दर्शनाला आपण कोराडीला किती वर्षं जातोय, त्या चिमण्यांना वळसा घालून. दर महिन्याला एक पोतं आपल्या जिन्याखालच्या बॅटरीसाठी जळतंय, हे देवीला माहीत असेल, आपल्याला नव्हतं.

बॅटरी भंगारवाल्याला दिली. नवी घेऊ पुढच्या महिन्यात, असं ठरलं. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

मग मोजायचं वेडच लागलं. एका जुन्या डायरीत मी रोज सकाळी सातला आकडा लिहायला लागले. इस्त्री, मिक्सर, गिझर सगळ्यांची हजेरी घेतली. गिझरला दिवा मिनिटाला शंभराच्या वर पळतो, मोजताच येत नाही. एसी पूर्ण जोरात असताना ऐंशी. आणि आमचा खालचा कूलर, पंपासकट, दहा-अकरा. हा आकडा ह्यांना मी तीनदा दाखवला, कारण हे त्या उन्हाळ्यात खालीही एसी लावायच्या बेतात होते.

कूलरबद्दल नागपूरकराला कोणी शिकवू नये. होळी झाली की कूलर खाली उतरतो, खडखड करत स्टँडवर चढतो, ताट्या बदलतात, वाळ्याचा वास येतो आणि मग घर राहण्यासारखं होतं. तरी आमच्या मुलाला तो आवडत नाही. "आई, चिकचिक होतं." मला वाटायचं, एसीची सवय लागलीय. पण एका दुपारी त्याची चिकचिक खरी आहे हे कळलं. त्यानं खोलीची सगळी दारं-खिडक्या लावून घेतली होती, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. सासूबाई आल्या, काही न बोलता समोरची खिडकी चार बोटं उघडली आणि गेल्या. दहा मिनिटांत खोली कोरडी.

हे त्या आयुष्यभर करत आल्या आहेत, कारण विचारलं तर म्हणतात, "हवेले जायला वाट पाहिजे न." शास्त्रही एवढंच आहे. कूलर गारवा तयार करत नाही, ओल्या ताटीतून जाणाऱ्या कोरड्या हवेची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एसी तीच ती हवा फिरवतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलर सारखी नवी हवा आत ढकलतो, म्हणून त्याला उघडी खिडकी लागते. दार बंद केलं की ओली हवा आतच साचते आणि मग ताटी कितीही ओली करा, पाणी उडायला तयार नसतं. मे महिन्यात नागपूरची दुपार इतकी कोरडी असते की कूलर एसीला हसतो. पहिला पाऊस पडला की त्याची सद्दी संपली. आमच्या बोअरच्या पाण्यानं ताट्यांवर पांढरा थर धरतो, तो दरवर्षी धुऊन जात नाही, दोन उन्हाळ्यांनी ताटी बदलायचीच. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, नाहीतर वाचवलेले पैसे डेंग्यूत जातात.

राहिला वरचा एसी. मुलाला मी रागावले नाही, फक्त रात्री मीटरसमोर उभं केलं. तो १८ वर लावत होता. २०२० पासून नव्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं सक्तीचं आहे आणि एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे त्यानंच मोबाइलवर वाचून दाखवलं. पण आमची खरी अडचण एसीची नव्हतीच, त्याच्या डोक्यावरच्या स्लॅबची होती. वरच्या खोलीत रात्री अकराला छताला हात लावला की गरम तव्यासारखं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं. एसी बिचारा खोली नाही, छत गार करत बसायचा.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागायच्या आधीच्या रविवारी आम्ही गच्चीला चुना लावला. कळीचा चुना रात्री ड्रममध्ये भिजवला, सकाळी गाळून त्यात थोडं फेविकॉल मिसळलं, आणि सहाला सुरू करून साडेआठच्या आत दोन हात मारले. साडेआठनंतर गच्चीवर पाय ठेवणं शक्य नव्हतं. पांढऱ्या रंगानं गच्ची इतकी चकाकायला लागली की शेजारच्या आजी म्हणाल्या, "डोळे जाते न वो आमचे." रात्री छताला हात लावून पाहिला. कोमट. अंश मोजायला यंत्र नव्हतं, पण एसीचा कॉम्प्रेसर मध्येमध्ये थांबायला लागला हे मीटरवर दिसलं. आधी लाल दिव्याची सारखी थरथर असायची, आता थरथर, मग विसावा, मग थरथर.

त्याच मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर आमची कीर्ती झाली. हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सासूबाईंना ते पटलेलं नाही. "यंत्राले काहून दोष देता? आपल्या गच्चीवर ठेवून पाहा म्हणा."

पंखे टप्प्याटप्प्यानं बदलतोय. जुना पंखा पंच्याहत्तर वॅटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसच्या आसपास. नागपुरात पंखा मार्चपासून दिवाळीपर्यंत थांबत नाही, त्यामुळे रोज वीस तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सत्तावीस युनिटं वाचतात. जुने चौकोनी खोक्यासारखे रेग्युलेटर ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते आधी काढावेत, त्यात पंखा हळू होतो आणि उरलेली वीज खोकं तापवते. नव्या पंख्याला रिमोट आहे. सासूबाई म्हणाल्या, "पंख्याले रिमोट? उद्या देवाच्या घंटीले लावा." रिमोट सध्या हरवलेला आहे.

सोलरचं विचाराल तर आमचं अजून ठरतंय. शेजारच्या काकाजींनी लावलं आणि तेव्हापासून ते बिल खिशात घेऊन फिरतात. "मॅडम, लावून टाका न. माह्यं बिल पाहा. फक्त स्थिर आकार!" २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारएक युनिटं देतो. नागपूरला ऊन जास्त म्हणून वीज धो धो, हा मात्र भ्रम आहे. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर तापलं की दर अंशाला त्याची ताकद थोडी थोडी उतरते, आणि मे महिन्यात आमच्या गच्चीवर पॅनल साठच्या वर तापणार. धूळ वेगळी. तरी परवडतं, हिशेब मी केलाय. अडचण कडुलिंबाची आहे. सकाळी अकरापर्यंत त्याची सावली अर्ध्या गच्चीवर असते. ह्यांचं म्हणणं, फांद्या छाटू. माझं म्हणणं, त्या सावलीला महिन्याला किती युनिटांचं मोल आहे ते आधी मोजू द्या.

मे महिन्याचं बिल आलं ते एप्रिलपेक्षा कमी होतं. नागपुरात ही घटना वर्तमानपत्रात छापण्यासारखी आहे. हे खूश, पैसे वाचले म्हणून नवी बॅटरी घेऊ म्हणाले. मी तोवर ते खर्च केले होते. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवला.

आमच्या स्वयंपाकघरात पंखा नाही. कोणाच्याच नसतो, गॅसची ज्योत हलते. भर उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस असताना आत ओट्यापाशी किती असतं, हे कुठलंच केंद्र नोंदवत नाही. सकाळी सव्वासहा ते साडेआठ मी, नंतर दुपारपर्यंत सासूबाई. बारा वर्षांत दोन एसी, तीन कूलर, एक इन्व्हर्टर यांवर या घरात चर्चा झाल्या, ओट्याच्या वरच्या झरोक्यावर झाली नाही. एक्झॉस्टला मिनिटाला दोन लुकलुक लागतात. बसवला त्या दिवशी सासूबाईंनी तो तीनदा बंद केला, बिल येईल म्हणून. मग मी त्यांना मीटरसमोर नेलं. त्या जपमाळेचे मणी ओढावेत तशा बोटांवर मोजत उभ्या राहिल्या. "दोन," म्हणाल्या. "म्हणजे बॅटरीच्या निम्मे." आणि आत जाऊन बटण लावलं.

मृगाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं. आधी धूळ, मग कडुलिंबाच्या काड्या, मग पाऊस आणि त्याच क्षणी लाइन गेली. सगळा मानेवाडा अंधारात, काकाजींकडेही, कारण लाइन गेली की त्यांच्यासारखं सोलरही सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतं. जिन्याखाली बॅटरीच्या जागी धुळीचा चौकोन. हे काही बोलले नाहीत, पण ज्या पद्धतीनं मेणबत्ती शोधत होते त्यात सगळं आलं.

आम्ही व्हरांड्यात येऊन बसलो. मातीचा वास सुटला होता, उकाडा तसाच. सासूबाईंनी वाळ्याचा जुना हातपंखा काढला आणि हलवायला लागल्या. थोड्या वेळानं वर मीटरकडे पाहिलं.

"काहून रे, आता एकबी नाही लुकलुकत."

"लाइन नाही आजी. शून्य."

"अन् ह्या पंख्याले किती लागते?"

"त्यालाही शून्य."

"अन् माह्या हाताले?" त्या म्हणाल्या, आणि पंखा त्याच्या हातात दिला.